नळदुरुस्तीचे वाङ्मय

मागील वर्षी एका महाविद्यालयातील चर्चासत्रात आमच्यापैकी एकाने निबंध वाचला. विषय होता फ्रान्समध्ये घर घेणाऱ्या ब्रिटिशांविषयीचे गद्य. निबंधात लॉरेन्स स्टर्न होता, पीटर मेल होता, तोवर श्रोते प्रसन्न होते. पुढे सेप्टिक टँक, घरपट्टी, वारसाहक्क, व्हिसा अशा बाबींवरील माहितीपर लेखनाचा विचार सुरू झाला आणि सभागृहात चुळबुळ झाली. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी समारोप करताना एका वाक्यात निकाल दिला : हे नळदुरुस्तीचे वाङ्मय आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात वेळ दवडू नये. सभागृह हसले. शिष्टाचार म्हणून आम्हीही हसलो. ते हसणे आम्हाला अजून बोचते आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. फ्रान्समधल्या घराविषयी ब्रिटिशांनी जे ‘ललित’ म्हणून लिहिले, त्याने दोन पिढ्यांच्या वाचकांना एक मोठी गोष्ट दिसू दिली नाही : परक्या देशातले घर दगडावर उभे नसते, कागदावर उभे असते. आणि ज्याला आपण नळदुरुस्तीचे म्हणून हिणवतो त्या गद्याने ही गोष्ट कधी लपवली नाही. तेव्हा दोहोंपैकी अधिक जबाबदार गद्य कोणते, हा प्रश्न साहित्याचाच आहे. तो प्लंबरकडे सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पीटर मेल यांच्यापासून आरंभ करणे भाग आहे. जाहिरातव्यवसायात नाव कमावलेला हा गृहस्थ पत्नीसह ल्युबेरों डोंगराच्या परिसरात, मेनेर्ब गावाजवळ, जुन्या शेतघरात राहायला गेला. लिहायची होती कादंबरी. पण गवंडी, प्लंबर आणि पाहुणे यांनी ती होऊ दिली नाही, आणि त्याऐवजी प्रोव्हान्समधल्या एका वर्षाची हकिकत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा महिन्यांची बारा प्रकरणे. पुढे १९९३ मध्ये बीबीसीने त्यावर मालिकाही केली. या पुस्तकात नळ नाहीत असे कोण म्हणेल? थंडीने फुटलेले नळ त्यात पहिल्याच प्रकरणात आहेत. अर्धवट टाकलेले बांधकाम पूर्ण व्हावे म्हणून सगळ्या कारागिरांना नाताळच्या मेजवानीला सपत्नीक बोलावण्याची युक्ती शेवटच्या प्रकरणात आहे. म्हणजे नळदुरुस्ती मेल यांना वर्ज्य नव्हती. फरक इतकाच की त्यांच्याकडे ती नेहमी प्रहसन होऊन येते. कारागीर उशिरा येतो कारण तो प्रोव्हान्सचा आहे. कागदपत्रे मागितली जातात कारण फ्रेंचांना कागदांची हौस आहे. प्रत्येक व्यावहारिक अडचण ही स्थानिक स्वभावाची गंमत ठरते आणि गंमत ठरली की तिची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. आपण कोणत्या कराराच्या, कोणत्या हक्काच्या आधारे इथे बसून ऑलिव्हच्या तेलात पाव बुडवत आहोत, हा प्रश्न निवेदकाला पडत नाही. वाचकालाही पडत नाही. परिणाम ठाऊकच आहे : पुस्तक वाचून वाचकांची रांग थेट लेखकाच्या दारात लागली आणि अखेर मेल यांनाच काही वर्षे ते गाव व देश सोडून अमेरिकेत जावे लागले. पुढे ते प्रोव्हान्समध्ये परतले, पण त्या घरात नव्हे. २०१८ मध्ये ते निवर्तले. माणूस विनोदी होता, गद्य स्वच्छ होते. आमचे भांडण त्यांच्याशी कमी आणि त्यांच्यामागून निघालेल्या लव्हेंडरच्या दिंडीशी जास्त आहे.

हे भांडण नवे नाही. अडीचशे वर्षांपूर्वी ते एकदा झाले, आणि आमच्या मते त्याचा निकाल चुकीचा लागला. टोबायस स्मॉलेट हा कादंबरीकार, पेशाने वैद्य, १७६३ मध्ये एकुलती एक मुलगी गमावल्यावर पत्नीसह फ्रान्समार्गे नीसला गेला. प्रकृतीही ढासळलेली होती. तिथून त्याने लिहिलेली पत्रे १७६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. या पत्रांत काय आहे? बुलोन्यच्या जकातनाक्यावर त्याच्या पुस्तकांच्या पेट्या अडवून तपासणीसाठी आमियाँला पाठवल्या गेल्या, त्याची तक्रार आहे. खानावळवाल्यांची बिले आहेत. नीसमध्ये घर काय भाड्याने मिळते, मासळी-भाजी-वाइनचे भाव काय, नोकर कसे मिळतात, हे सगळे आहे. शेवटी हवामानाची नोंदवही जोडलेली आहे. फुप्फुसे जपणाऱ्या माणसाला तिचे मोल ठाऊक होते. (त्या वेळी नीस फ्रान्समध्ये नव्हतेच, सार्डिनियाच्या राजाकडे होते. ते फ्रान्सकडे गेले १८६० मध्ये.) स्मॉलेट चिडका आहे, पूर्वग्रहदूषित आहे, कधी कधी असह्य आहे. पण परक्या गावात पुढच्या महिन्याचे भाडे भरायचे असते याचा विसर त्याला एकाही पत्रात पडत नाही.

दोन वर्षांनी, १७६८ मध्ये, स्टर्नने आपला ‘भावनाप्रवास’ लिहिला आणि स्मॉलेटला ‘स्मेलफंगस’ असे नाव देऊन त्याची टर उडवली : जगभर हिंडला आणि जिथे तिथे कावीळच पाहिली. टोपणनाव चिकटले. तेव्हापासून इंग्रजी वाङ्मयेतिहासात स्टर्न रसिक आणि स्मॉलेट कटकट्या ठरला. आणि आपण, ज्यांनी इंग्रजी वाङ्मयेतिहास सावकाराच्या वहीसारखा डोळे मिटून मान्य केला, तेच म्हणत आलो.

आता स्टर्नचे ते पुस्तक पुन्हा उघडावे. भावनेचा हा महाकवी सुरुवात कशाने करतो? कॅले बंदरात उतरून जेवायला बसलेल्या योरिकला पहिला विचार सुचतो तो असा की आज रात्री आपण अपचनाने मेलो तर आपले सदरे, विजारी आणि गळ्यातली प्रियेची तसबीरसुद्धा फ्रान्सच्या राजाच्या मालकीची होईल. हा ‘द्र्वा दोबेन’ नावाचा खराखुरा कायदा होता : फ्रान्सच्या भूमीवर परका माणूस मेला की त्याची मालमत्ता राजाकडे जाई. क्रांतीनंतर १७९० मध्ये तो रद्द झाला, नेपोलियनच्या संहितेत वेगळ्या रूपात डोकावला आणि १८१९ मध्ये कायमचा गेला. पुढे पॅरिसमध्ये याच योरिकपुढे अडचण उभी राहते ती अशी की इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध चालू आहे आणि आपण पासपोर्ट न घेताच निघून आलो आहोत. मग व्हर्सायला धाव, एका सरदाराची मनधरणी, आणि त्याने ‘हॅम्लेट’मधला विदूषक समजून बहाल केलेला पासपोर्ट. म्हणजे काय, तर इंग्रजी भावनाप्रधान गद्याच्या मुळाशी वारसाहक्काचा एक कायदा आणि एक हरवलेला कागद आहे. स्टर्न हे विसरला नव्हता. विसरलो आपण.

स्टर्नच्या पुढच्या शतकातला एक प्रसंगही सांगून टाकतो, कारण त्याचा उपयोग पुढे होणार आहे. लॉर्ड ब्रूम हा इंग्लंडचा माजी लॉर्ड चान्सलर १८३४ मध्ये इटलीकडे निघाला असता कॉलऱ्यामुळे सार्डिनियाने सीमा बंद केली होती. तो मागे फिरला, कान नावाच्या कोळ्यांच्या गावात थांबला, जागा घेऊन बंगला बांधला, आणि इंग्रजांचे कान तिथून सुरू झाले. १८४८ च्या क्रांतीनंतर या गृहस्थाला फ्रान्सच्या संसदेत निवडून येण्याची इच्छा झाली आणि त्याने फ्रेंच नागरिकत्व मागितले. न्यायमंत्री क्रेमिय यांनी कळवले की नागरिकत्व मिळेल, पण मग ब्रिटिश नागरिकत्व आणि सरदारकी यांवर पाणी सोडावे लागेल. लॉर्डसाहेबांनी अर्ज मागे घेतला. घर इथे, हक्क तिथे. हा पेच पुढे पुष्कळांना पडायचा होता.

आता फाइलकडे येऊ. आमच्यापैकी एकीची बहीण पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये राहते. तिच्या शेजारच्या निवृत्त शिक्षक दांपत्याचे लिमूझँ भागात दगडी घर आहे, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्या घरी आठवडाभर राहण्याचा योग आला. घर सुंदर होते, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. पण आम्हाला आठवते ती स्वयंपाकघराच्या खणातली जाडजूड निळी फाइल. तिच्यात खरेदीखत होते, आणि त्याआधीचे साठेखत. साठेखतावर सही झाल्यावर खरेदीदाराला विचार बदलण्यासाठी दहा दिवस मिळतात (पूर्वी सात मिळत). खरेदीखत होते ते नोतेर नावाच्या अधिकाऱ्यासमोर. हा वकील नव्हे, केवळ निबंधकही नव्हे. सरकारने नेमलेला, खरेदीखतांपासून मृत्युपत्रांपर्यंत सारे दस्त करून सांभाळणारा हा माणूस. जुन्या घराच्या किमतीवर त्याच्यामार्फत सात-आठ टक्के खर्च होतो, त्यातला मोठा भाग करांचा. इंग्रजांना वाटते नोतेर आपला. तो कुणाचाच नसतो, दस्ताचा असतो.

मग शिसे, अ‍ॅस्बेस्टॉस, वाळवी यांच्या तपासण्यांचे अहवाल. धुराडे झाडून घेतल्याचा दाखला, जो नसला तर आग लागल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. विजेचा करार : किती केव्हीए घेतले आहेत त्यावर दरमहा आकार, आणि मर्यादा ओलांडली की मीटर खटकन बंद. इंग्रजी किटली तीन किलोवॉट ओढते. ओव्हन चालू असताना चहा टाकला की घर अंधारात. त्या आठवड्यात हे दोनदा घडले आणि दोन्ही वेळा यजमानांनी निमूटपणे टॉर्च घेतला. खिडक्यांच्या झडपांना रंग द्यायचा तर नगरपालिकेला कळवायचे; आणि घर एखाद्या संरक्षित वास्तूपासून ५०० मीटरच्या आत असेल तर सरकारी वास्तुतज्ज्ञाचे मत घ्यायचे. हा नियम १९४३ पासूनचा आहे. अंगणात पोहण्याचा तलाव बांधला तर कुंपण, गजर, आच्छादन किंवा छत यांपैकी एक हवे, असा २००३ चा कायदा सांगतो. आणि तलाव कळवलाच नाही तर? २०२२ मध्ये फ्रान्सच्या करखात्याने हवाई छायाचित्रे संगणकाकडून तपासून वीस हजारांवर न कळवलेले तलाव शोधून काढले.

सेप्टिक टँकवर फाइलमध्ये नऊ पाने होती. आमच्या अध्यक्षमहोदयांना हे विशेष रुचावे. खेड्यातल्या घरांना मुख्य गटार नसते, तेव्हा प्रत्येक घराची व्यवस्था तपासणारे सार्वजनिक कार्यालय असते. २०११ पासून घर विकणाऱ्याने तीन वर्षांच्या आतला तपासणी-अहवाल द्यावा लागतो आणि टाकी नियमात बसत नसेल तर घेणाऱ्याने वर्षभरात ती दुरुस्त करावी लागते. खर्च हजारो युरोंचा. पाहुण्यांसाठी यजमानीणबाईंनी स्वतःच्या अक्षरात एक सूचनापत्र लिहून संडासाच्या दाराला लावले होते. त्यात ब्लीच ओतू नका एवढेच म्हटले नव्हते. ब्लीचने टाकीतले कोणते जीव मरतात, ते मेले की काय साचते, आणि साचलेले शेवटी कुणाच्या शेताकडे झिरपते, हे पाच वाक्यांत सांगितले होते. शेताच्या मालकाचे नाव दिले होते. त्याची गाय कुठे पाणी पिते तेही. या पाच वाक्यांत जितका शेजार होता तितका आम्हाला प्रोव्हान्सवरच्या कित्येक पुस्तकांत आढळलेला नाही. मेल यांच्या वाटेने गेलेल्या लेखकांकडे शेजारी असतो तो प्रसंगासाठी : तो तिरकस बोलतो, कोल्हा मारतो, दारू पाजतो. सूचनापत्रातल्या शेजाऱ्याला आपल्या सांडपाण्याचा त्रास होऊ शकतो. साहित्यात ‘परका’, ‘इतर’ वगैरेंवर आपण पुष्कळ बोलतो. त्या इतराच्या विहिरीचे काय होते, हे बोलणे मात्र नळदुरुस्ती!

फाइलच्या शेवटी एक पाकीट होते, आणि त्याविषयी यजमानांनी एका संध्याकाळी आपण होऊन सांगितले. दोघांचाही दुसरा विवाह. त्यांना पहिल्या पत्नीपासून एक मुलगी. बाईंचा पहिल्या पतीपासूनचा मुलगा, चार वर्षांचा असल्यापासून यांनी वाढवलेला. इंग्लंडच्या कायद्याने माणूस मृत्युपत्रात आपली मालमत्ता बहुतांशी हवी त्याला देऊ शकतो. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेपासून मुलांचा राखीव हिस्सा असतो : एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन-तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन-चतुर्थांश. उरलेल्याचेच काय ते मृत्युपत्र. २०१५ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमाने आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडण्याची मुभा दिली, तेव्हा ब्रिटिश घरमालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण नोव्हेंबर २०२१ पासून फ्रान्सने नवी अट घातली : निवडलेल्या परकीय कायद्यात मुलांना राखीव हिस्सा नसेल, आणि मृत व्यक्ती किंवा तिचे एखादे मूल युरोपीय संघाचे नागरिक किंवा रहिवासी असेल, तर वगळलेल्या मुलांना फ्रान्समधल्या मालमत्तेतून भरपाई मागता येते. आणि कोणाचाही कायदा निवडला तरी फ्रान्समधल्या घरावरचा कर फ्रान्सचाच. जोडीदाराला कर नाही. पोटच्या मुलाला एक लाख युरोंपर्यंत माफी. सावत्र मूल मात्र कायद्याच्या डोळ्यांना परके, त्याला साठ टक्के.

साठ टक्के. ज्या मुलाला यांनी सायकल शिकवली, ज्याने या घराचे छप्पर स्वतः चढून कौलारले, तो फ्रान्सच्या लेखी रस्त्यावरचा माणूस. यजमानांनी हे चिडून सांगितले नाही. ते म्हणाले, फ्रेंचांचे चुकते असे म्हणवत नाही. बाप लहरी निघाला तर मुलगी रस्त्यावर येऊ नये म्हणून तो कायदा आहे, आणि माझी मुलगी माझ्याशी सात वर्षे बोलत नव्हती. मग थोडे थांबून म्हणाले, ती बोलत नव्हती तेव्हाही तिचा हिस्सा इथे शाबूत होता. इंग्लंडमध्ये मी तो काढून टाकला होता. बाई उठून आत गेल्या.

आम्ही विचारतो, ही कथा नव्हे तर काय? दोन कायद्यांत कुटुंबाच्या दोन कल्पना आहेत. एकीत प्रेम मोजले जाते, दुसरीत रक्त. आणि एकाच घराच्या छपराखाली त्या समोरासमोर बसल्या आहेत. फ्रेंचांना हे कधीच अवाङ्मयीन वाटले नाही. बाल्झाक तरुणपणी नोतेरच्या कचेरीत कारकुनी करत होता, आणि त्याच्या कादंबऱ्यांतील पैशांचे, हुंड्यांचे, मृत्युपत्रांचे हिशेब तिथूनच आले. स्तांदालने तर बाल्झाकला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात कबूल केले आहे की ‘पार्मा’ची कादंबरी लिहिताना योग्य सूर लागावा म्हणून तो रोज सकाळी नागरी संहितेची दोन-तीन पाने वाचत असे. हीच ती संहिता, जी आमच्या यजमानांच्या पाकिटात बसली होती. शैलीसाठी ती पुरेशी चांगली, आणि अभ्यासासाठी नळदुरुस्ती?

आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत? रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आपण एम. ए. ला गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. ते काय ललित आहे? किल्ल्यात पाणी कसे साठवावे, आरमार कसे ठेवावे, हे त्यात आहे. योगायोग पाहा : टोपीकरांचाही, म्हणजे इंग्रज, फरासीस, वलंदेज इत्यादिकांचाही त्यात विचार आहे. यांना वखारीसाठी जागा द्यायचीच झाली तर समुद्रकिनाऱ्यावर देऊ नये, आणि तिथे मजबूत इमारत बांधू देऊ नये, असे अमात्य बजावतात. परक्याचे घर कुठे, किती, कोणत्या अटीवर : अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा माणूस नेमका तोच प्रश्न विचारत होता जो आज लिमूझँमधल्या नगरपालिकेचा कारकून विचारतो. अमात्यांच्या कारभारी गद्यापुढे आपण मान तुकवतो, कारण त्याला तीनशे वर्षे झाली. जिवंत कारभारी गद्याला मात्र ‘व्यावहारिक मराठी’ नावाच्या पेपरात ढकलतो, आणि तो पेपर विभागात सर्वांत कनिष्ठ असेल त्याच्या गळ्यात बांधतो. सावत्र मुलावर साठ टक्के कर लावणारे काय फक्त फ्रेंच आहेत?

आक्षेप येईल की माहिती शिळी होते, साहित्य होत नाही. पहिला भाग खरा आहे. त्या फाइलमधील २०१९ ची कित्येक पाने आता निकामी आहेत. राहण्यावरची घरपट्टी, ‘ताक्स दाबितासियों’, मुख्य निवासस्थानांवरून २०२३ पासून गेली. दुसऱ्या घरांवर ती राहिली, आणि जिथे घरांची टंचाई आहे अशा गावांना तिच्यावर साठ टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा आहे. पण शिळे होण्याचे भय असणारा लेखक तारीख घालतो, आणि तारीख घालणारा लेखक आपल्या विधानाला उत्तरदायी राहतो. लव्हेंडरच्या पुस्तकांवर तारीख नव्हती. त्यांतला फ्रान्स कायमचा होता, आणि तिथली इंग्रजाची खुर्चीही कायमची.

ती खुर्ची कशावर ठेवली होती ते १ जानेवारी २०२१ ला कळले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि फ्रान्समध्ये केवळ दुसरे घर असणारा ब्रिटिश माणूस कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा पाहुणा झाला. अधिक राहायचे तर दीर्घ मुदतीचा व्हिसा. त्या वर्षी कुत्र्याचे ब्रिटनमध्ये काढलेले युरोपीय पासपोर्टही रद्द झाले, तेव्हा पुष्कळांनी फ्रेंच पशुवैद्याकडून कुत्र्याला फ्रेंच पासपोर्ट करून घेतला. कुत्रा युरोपीय झाला, मालक बाहेर राहिला. २०२३ च्या अखेरीस फ्रेंच सिनेटमधून आलेल्या एका दुरुस्तीने ब्रिटिश घरमालकांना व्हिसाशिवाय दीर्घकाळ राहू देण्याचे कलम स्थलांतरविषयक विधेयकात घातले गेले. २५ जानेवारी २०२४ ला घटना परिषदेने ते मूळ विधेयकाशी संबंध नसल्याच्या कारणावरून काढून टाकले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाच्या सीमेवर बोटांचे ठसे व चेहरा नोंदवणारी यंत्रणा सुरू झाली. पासपोर्टवरचे शिक्के मोजताना एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर चालून जाई. यंत्र विसरत नाही.

या काळात ब्रिटिश घरमालकांच्या तोंडून जो शब्द सर्वाधिक ऐकू आला तो ‘अपमान’. आम्हाला त्यांची चेष्टा करायची नाही, पण एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. भारतीय पासपोर्टवर फ्रान्समध्ये एक दिवस राहायचे तरी बँकेचे उतारे, नोकरीचा दाखला, परतीचे तिकीट आणि बोटांचे ठसे आधी द्यावे लागतात. आमच्यापैकी एकीने २०१९ मध्ये त्या आठवड्यासाठी हे सारे दिले होते. ज्याला ते अपमान म्हणतात ते आमचे नेहमीचे प्रवेशद्वार आहे. फरक कशाने पडला? अनुभवाने नव्हे, वाचनाने. आम्ही परदेशाविषयी पहिल्यांदा जे वाचतो ते अर्जाचे पान असते. त्यांनी जे वाचले ते ऑगस्टमधल्या दुपारीचे वर्णन होते. ते स्वतःला ‘एक्स्पॅट’ म्हणवत आले. त्या शब्दात ‘स्थलांतरित’ या शब्दाचा घाम नाही, आणि म्हणून जबाबदारीची जाणीवही नाही.

मात्र सगळेच ऑगस्टमधल्या दुपारीचे नव्हते. जेर्स विभागात १९८४ पासून राहणारी, फ्रेंच माणसाशी लग्न झालेली एक ब्रिटिश स्त्री मार्च २०२० च्या नगरपालिका निवडणुकीत मतदानाला गेली असती, पण तिचे नाव यादीतून काढले गेले होते. ब्रिटनमध्येही तिला मत नव्हते. पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांचा हक्क तिथला कायदा काढून घेत असे. म्हणजे २०१६ च्या ज्या सार्वमताने तिचे फ्रान्समधले मत गेले त्या सार्वमतातही तिला मत नव्हते. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. ९ जून २०२२ ला न्यायालयाने सांगितले की युरोपीय नागरिकत्व हे सदस्य देशाच्या नागरिकत्वाला जोडलेले आहे. ते गेले की हेही गेले. ब्रिटनने पंधरा वर्षांची अट जानेवारी २०२४ मध्ये उठवली. लॉर्ड ब्रूमने पुढ्यातला हक्क सरदारकीसाठी नाकारला होता. या बाईसमोर कुणी निवडीचा कागद ठेवलाच नव्हता. फ्रेंच नागरिकत्व तिने वेळीच घ्यायला हवे होते, असे म्हणणे सोपे आहे. पण छत्तीस वर्षे ज्या गावात आपण शेजारीण आहोत तिथे आपण केवळ एका तहाच्या आधारे मतदार आहोत, हे एखाद्या माणसाला कोणत्या पुस्तकाने सांगायचे होते?

आमच्या मते ते साहित्याने सांगायचे होते, आणि त्याने सांगितले नाही. पत्रके, मार्गदर्शिका, कचेरीच्या भिंतीवरच्या सूचना सांगत राहिल्या. त्या सगळ्या चांगल्या नसतात. पुष्कळशा रुक्ष, काही चुकीच्या, काही निव्वळ जाहिराती. म्हणूनच त्यांना समीक्षक हवा. कोणते वाक्य वाचकाला फसवते, कोणते ‘साधारणतः’ धोक्याचे आहे, ‘करता येते’ आणि ‘करावे लागते’ यांत लेखकाने गफलत कुठे केली, हे ओळखणारी नजर साहित्याच्या वर्गातच तयार होते. ती आपण केवळ कवितेसाठी राखून ठेवली आहे. येत्या सत्रात आम्ही आमच्या वर्गात स्मॉलेटची नीसमधली दोन पत्रे, ‘आज्ञापत्रा’तले टोपीकरांचे प्रकरण आणि ते संडासाच्या दारावरचे सूचनापत्र एकत्र ठेवणार आहोत. ज्येष्ठ समीक्षकांनी अवश्य यावे.

सूचनापत्राची प्रत मागवली तेव्हा बाईंचे उत्तर आले. यजमानांनी स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका लावली आहे. फ्रान्समध्ये काढलेल्या दिवसांवर पेन्सिलीची रेघ, इंग्लंडमधल्या दिवसांवर काही नाही. रेघा ८७ झाल्या की गाडी बाहेर काढायची, तीन दिवस बोटीच्या संपासाठी राखून. निघण्यापूर्वी नळांतले पाणी काढून टाकायचे, झडपा लावायच्या, आणि किल्ली शेतवाल्या शेजाऱ्याकडे द्यायची. सूचनापत्रात एक वाक्य नवे आले आहे, असेही बाईंनी कळवले आहे : गाय आता दुसऱ्या बाजूला पाणी पिते, तरीही ब्लीच ओतू नये.